तिरपालवाल्याचं शीड

कापडाखाली वारा शिरू द्यायचा नाही, एवढंच काम मी जन्मभर केलं. हिंदी मुलखातल्या बालाघाटला गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर माझं तिरपालाचं दुकान आहे. मराठीत त्याला ताडपत्री म्हणतात, पण इथं तो शब्द वापरला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. तिरपाल शिवायचं, त्याला काठानं दोर ओवायचे पितळी डोळे ठोकायचे, आणि तांदळाचा ट्रक भरला की वर चढून बांधूनही द्यायचं. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढी पुरली. लालबर्र्याच्या मिलवाल्यांना विचारा, किरनापूरच्या विचारा. मी बांधलेलं तिरपाल रस्त्यात उडालं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. वाऱ्याला एक बोट जागा मिळाली की तो आत शिरतो, कापडाचं पोट फुगवतो, मग शिवण तरी जाते नाही तर डोळा उखडतो. म्हणून दोर असा ताणायचा की वरून टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. शेवटी माझी गाठ. तिच्यावर जितकी ओढ पडते तितकी ती आवळत जाते. ती सोडायला मीच लागतो, आणि पाण्यानं भिजली तर मलाही सुटत नाही.

अशा माणसाच्या लेकीनं घरी येऊन सांगितलं की आम्ही शिडाची बोट विकत घेतली आहे. मी जेवत होतो. शीड म्हणजे काय ते मला माहीत होतं. वारा भरून घ्यायला लावलेलं कापड. घास हातातच राहिला.

मला एकच लेक. जवाई नौदलात होते, त्यामुळं लग्न झाल्यापासून ती तिकडं विशाखापट्टणमला. जवायांची नोकरीची मुदत भरली तेव्हा तिथल्याच एका जहाजांच्या कारखान्यात दुसरी जागा तयार होती. लेकीला ती नको होती. तिला परत इकडं यायचं होतं. तिरोडीच्या पलीकडं धरणाचं मोठं पाणी आहे. सुटीच्या दिवशी बालाघाटचे, गोंदियाचे लोक तिथं येतात, काठावर उभं राहून फोटो काढतात, भजी खातात आणि जातात. त्या पाण्यावर लोकांना शिडाच्या बोटीतून फिरवायचं, पोरांना बोट शिकवायची, असं दोघांनी ठरवलं होतं. परवानगीचा सरकारी कागद जवायांनी आणला होता. पण तिथं जाळी मासोळीवाल्यांच्या सोसायटीची. त्यांची मर्जी नसेल तर कागद घेऊन काठावर बसून राहावं लागतं.

म्हणजे गोष्ट अशी होती: सोसायटीनं हौ म्हटलं तर लेक इथं राहणार, घरापासून दोन तासांच्या वाटेवर. नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात सामान बांधून परत समुद्राकडं. तिच्या आईनं तेव्हापासून दर सोमवारी काय काय धरलं ते तिचं तिला ठाऊक. मी देवाला मध्ये घेत नाही. मी म्हटलं, बोट दाखवा.

बोट ट्रकवरून आली. ट्रकवाल्यानं ती कशी बांधली होती ते मी इथं लिहीत नाही, माझं डोकं फिरतं. दोन शिडांची लहानशी बोट. डोलकाठीच्या मागं मोठं शीड, ते चांगलं होतं. पुढं बोटीच्या नाकापासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत एक तिरपी तार जाते, तिच्यावर चढवायचं लहान तिकोनी शीड, ते उंदरांनी खाल्लं होतं. जवाई त्याला जिब म्हणत. म्हणाले, मुंबईहून नवीन मागवतो.

मला लागलं. घरात तिरपालवाला बसलेला असताना कापड मुंबईहून यायचं? मी उठून अंगणात गेलो. थोड्या वेळानं जवाई मागं आले आणि म्हणाले, "मामाजी, तुम्हीच शिवून द्या ना."

कापड तेवढं बाहेरून मागवलं, पांढरं, कडक, हातात धरलं की कागदासारखं वाजणारं. जुनं शीड दुकानाच्या फरशीवर पसरलं आणि त्याच्यावरून कापलं. उन्हानं एक टोक जास्त विटलं होतं, ते निमुळतं होतं, म्हणजे ते वरचं. एवढं माझं मला समजलं, कोणी सांगितलं नाही. तिन्ही कोपऱ्यांना चार चार पदर लावून दुहेरी शिवण मारली. जुन्याला तीन कोपऱ्यांना तीन तऱ्हेच्या कड्या होत्या. मी तिन्हीकडं एकसारख्या लावल्या, भारी, ट्रकला लावतो तशा. तिरपालाला काही डोकं आणि पाय नसतात. चारी कोपरे सारखे मजबूत पाहिजेत, ही माझी रीत. शीड तयार झालं तेव्हा मी शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवलं. माझे जवाई जहाजं चालवतात हे मी गंजात सगळ्यांना सांगितलेलंच होतं.

माघ उतरत आला होता. दुपारी वारा सुटायला लागला होता. सोसायटीवाले धरणाच्या काठावर जमले. त्यांचे मुखिया म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, माझ्यापेक्षा थोडे लहान असतील. दगडावर बसून बोटीकडं असे पाहत होते जसं कोणी दुसऱ्याच्या घरच्या म्हशीकडं पाहतं. त्यांची शंका साधी होती. पर्यटक बुडाला तर पोलीस पहिले त्यांच्या डोंग्यांवर येणार, जाळी टाकणं बंद होणार. त्यांनी हिंदीत सांगितलं की आम्हाला बोटीतलं काही कळत नाही, एक म्हातारा माणूस हिच्यात बसून पलीकडच्या काठापर्यंत जाऊन बसल्या बसल्या परत आला, की आमची ना नाही. आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, बसतो.

घरून निघताना लेक म्हणाली होती की शिडं मी लावते. पण पाहुणे येऊन बसले की पहिले चहा-पोहे. तिच्या आईनं तिला स्टोव्हापाशी बसवलं, काठाच्या वर, झाडाखाली. खाली बोटीपाशी जवाई आणि मी. बायका चहाचं पाहतील, पुरुष बोटीचं पाहतील, असं कोणी म्हटलंसुद्धा नाही. ते तसं होऊन गेलं.

जवायांनी शीड घेतलं आणि निमुळतं टोक बोटीच्या नाकाला खाली अडकवलं.

मला दिसलं. मीच शिवलेलं, मला नाही दिसणार तर कोणाला. रुंद कोपरा खाली पाहिजे होता, तो त्यांनी वर ओढायच्या दोराला बांधला. मी तोंड उघडलं आणि बंद केलं.

आता इथं ज्याला जवाई नाही त्याला ही गोष्ट समजणार नाही. आमच्या लोकांत जवाई वयानं केवढाही असो, त्याला बापू म्हणायचं. तो आला की पहिलं ताट त्याचं. त्याला अडवायचं नाही, टोकायचं नाही, चारचौघांत तर नाहीच नाही. माझ्या बहिणीचा नवरा एकदा आम्हा सगळ्यांना बैलबंडीनं लग्नाला घेऊन चालला होता. फाट्यावर तो चुकीच्या अंगाला वळला. माझ्या बापाला रस्ता पाठ होता. बाप बोलला नाही. आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून पंगती उठल्या होत्या. आईनं विचारलं, तुम्हाला दिसलं नाही का? बाप म्हणाला, कासरा जवायाच्या हातात होता. मी त्या बापाचा मुलगा आहे. आणि समोर सोसायटीचे माणसं बसलेले. त्यांच्यापुढं मी माझ्या जवायाला म्हणू, की तुम्ही जहाजातले असून तुम्हाला शीड लावता येत नाही?

तर त्यांनी शिडाच्या कडेचा एक एक आकडा तारेवर चढवला, दोर ओढला, शीड वर गेलं. तिसरा कोपरा, जो खाली आपल्या गुडघ्यापाशी यायला पाहिजे, तो माझ्या डोक्याच्याही वर लोंबकळायला लागला. त्या कोपऱ्याला दोन दोर असतात, एक उजवीकडून येतो, एक डावीकडून. ते दोन्ही वर हवेत सटासट फटके मारायला लागले. जवायांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं त्यांना. विचारलं नाही.

शीड फडफडत होतं. माझ्या हातचं कापड, चार माणसांत, फडफडत होतं. गंजात असं झालं असतं तर मी तोंड दाखवलं नसतं. मी उडी मारून दोन्ही दोर पकडले, ओढले, एक बोटीच्या या बाजूच्या कडीला, एक त्या बाजूच्या कडीला, ताणून माझी गाठ मारली. फडफड थांबली. टिचकी मारून पाहिली. वाजली.

जवाई हळूच म्हणाले, "मामाजी, हा दोर हातात ठेवायचा असते म्हणतात."

मी त्यांच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

"नाही, तुम्ही बांधला तर बरोबरच असन," ते म्हणाले.

तिच्या आईनं जबरदस्तीनं मला ते नारिंगी जाकीट घातलं होतं. ते नको म्हणून मी रस्ताभर भांडलो होतो. मी पुढं बसलो, जवाई मागं सुकाणू धरून. दोन माणसांनी ढकललं आणि बोट सुटली. वळून पाहिलं तर लेक झाडाखालून उठली होती, हातात कपांचं ताट, आणि डोलकाठीकडं पाहत होती. ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

पहिल्यांदा मजा वाटली. खाली पाणी सरकत होतं, आवाज नाही, इंजिन नाही, बैल नाही. मग आम्ही काठाजवळच्या टेकडीच्या आडोशातून बाहेर आलो आणि वारा आला. तो माझ्या ओळखीचा वारा नव्हता. ट्रकवर वारा फट शोधतो. याला फट शोधायची गरजच नव्हती. सगळं कापड त्याच्यासमोर उभं करून ठेवलेलं, उंच, आणि दोन्हीकडून जखडलेलं. बोट एका बाजूला झुकली. मला वाटलं, आता सरळ होईल. जवाई ओरडले, दोर सोडा. मी गाठीला हात घातला. माझी गाठ. ओढ पडलेली. ती दगड झाली होती.

बोट आडवी झाली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मी बसलेलो होतो आणि मग मी पाण्यात होतो. पाणी गार नाही, बर्फ. कानात बुडबुडे. जाकिटानं मला वर फेकलं, आणि वर आलो तर डोक्यावर आभाळ नाही, पांढरं काहीतरी. हात लावला. माझी दुहेरी शिवण हाताला लागली. आयुष्यभर लोकांच्या मालावर कापड टाकलं, आणि त्या दिवशी ते माझ्यावर पडलं. चांगलं बसलं होतं. खाली हवा नव्हती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. थोडाच असेल. कापड एका बाजूनं उचललं गेलं, उजेड आला, आणि उजेडात माझ्या लेकीचं तोंड होतं. केस तोंडाला चिकटलेले. मला पहिला विचार हा आला की ही इथं कशी. काठावरून इथपर्यंत ही आली कशी? आमच्या अख्ख्या खानदानात कोणाला पोहता येत नाही. ओढ्याला पूर आला तर आम्ही चार दिवस या काठाला बसतो. डोलकाठीवरचं उलटं शीड पाहून ती तेव्हाच ताट ठेवून पाण्यात शिरली होती, हे मागाहून समजलं.

"बाबा, श्वास घ्या. हे धरा," ती म्हणाली, आणि बोटीची कड माझ्या हातात दिली. मग नवऱ्याला म्हणाली की तुम्ही बाबांना सोडू नका, आणि स्वतः पोहत पलीकडच्या अंगाला गेली, बोटीच्या पोटातून एक लांब फळी निघालेली असते तिच्यावर चढून उभी राहिली. बोट उठेना, तशी परत उतरली. माझ्या गाठीपाशी आली. बोटांनी एकदा पाहिली. तोवर सोसायटीचा एक डोंगा जवळ आला होता. तिनं त्यातल्या माणसाला छुरी मागितली आणि दोन्ही गाठी कापल्या. इकडची आणि तिकडची. मी पाण्यात लटकलेला, दात वाजत होते, आणि मला वाईट कशाचं वाटलं तर माझी गाठ कोणी कापली याचं. आता हसू येतं. तेव्हा आलं नाही.

ती परत फळीवर चढली, बोटीची वरची कड धरून सगळं अंग मागं टाकलं, आणि ती अख्खी बोट, डोलकाठी, शिडं, सगळं, पाण्यातून उठून उभी राहिली. माझी लेक. जिला मी ट्रकच्या चाकावर पाय ठेवू दिला नव्हता.

काठावर आल्यावर तिच्या आईनं मला चादरीत गुंडाळलं. ती रडतही होती आणि बोलतही होती, दोन्ही कामं तिला एका वेळेला येतात. लेक बोटीपाशी उभी राहिली. अंगातून पाणी गळत होतं. तिनं आम्हा दोघांना विचारलं, आवाज न वाढवता.

"शीड उलटं होतं. तुम्हाले दिसलं नाही?"

जवाई म्हणाले, "दिसलं."

"बाबा?"

मी म्हटलं, "दिसलं."

"मंग बोलले काहून नाही?"

जवायांनी पायाखालच्या वाळूकडं पाहिलं. "मामाजींनं शिवलं होतं. मले वाटलं त्यायचा कोपराच वर कापल्या गेला. आता चार लोकांत त्यायले कसं म्हणू, का तुमचं शीड चुकलं."

मी उडालो. म्हणजे या माणसानं मनात माझं शीड चुकीचं ठरवून ठेवलं होतं, आणि वर माझ्या बाजूला बसून आला होता. मी म्हटलं, "शीड चुकलं? शीड बरोबर आहे. तुम्ही त्याले डोक्यावर उभं केलं. पण कासरा जवायाच्या हातात असला तर..."

"तर बुडायचं," लेक म्हणाली.

तिची आई मध्ये बोलली. "अजी, चहात साखर कमी पडली तर गल्लीले ऐकू जाते तुमचं. अन् पाण्यात जाऊन राह्यले तं तोंडाले टाके."

सोसायटीचे माणसं हसले. मुखिया हसले नाहीत. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चलो. हो गया।" झालं ते कोणालाही समजत होतं. हो गया म्हणजे विशाखापट्टणम. तिच्या आईचं रडणं एकदम बंद झालं. ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

लेक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, आपने कहा था बूढ़ा आदमी बैठकर जाए और बैठकर आए। अभी तो गया ही नहीं। एक बार और देख लीजिए, मेरे हाथ से।"

मुखियांनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडं. "बूढ़ा जाएगा?"

मला कोणी विचारलं नव्हतं. परत त्या पाण्यावर जायची मला भीती वाटत होती, हे मी आज लिहू शकतो. तिच्या आईनं माझ्या वतीनं सांगून टाकलं की जात नाहीत. लेक ओला दोर गुंडाळत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही, म्हणजे मला नाही म्हणायला जागा राहावी. ते मला समजलं. पण खरं सांगायचं तर मी त्यामुळं उठलो नाही. त्या माणसानं मला बूढ़ा म्हटलं होतं, दोनदा, आणि दुसऱ्यांदा विचारून म्हटलं होतं.

मी चादर काढली.

तिनं शीड उतरवलं, तारेवरचे आकडे काढले, कापड फिरवलं. रुंद कोपरा बोटीच्या नाकाला. आकडे खालून वर एक एक, मध्ये कुठं पीळ पडला नाही हे हात फिरवून पाहत. निमुळतं टोक वरच्या दोराला. कापल्यामुळं थोडे आखूड झालेले ते दोन दोर तिसऱ्या कोपऱ्याला नव्यानं बांधले, एका साध्या गाठीनं, तिच्यात एक वेढा मोकळा राहतो आणि तो आवळत नाही. मला त्या गाठीची कीव आली. दोन दोर दोन बाजूंनी मागं आणले आणि त्यांच्या शेवटाला छोटी गाठ मारली, निसटून जाऊ नयेत म्हणून, बस. मग वरचा दोर ओढला. शीड चढलं, तिसरा कोपरा माझ्या गुडघ्यापाशी आला, आणि मी शिवलेलं कापड मी पहिल्यांदा सुलट पाहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं की ते असं दिसेल. मी ते सपाट शिवलं होतं, फरशीवर. उभं राहिल्यावर त्याला पोट आलं. ज्या पोटासाठी मी जन्मभर लोकांना शिव्या दिल्या, ते पोट, आणि ते चांगलं दिसत होतं. मी दुसरीकडं पाहिलं.

बोटीत तिनं एक दोर माझ्या हातात दिला.

"बांधू नोका. नुसता धरा."

आम्ही टेकडीच्या आडोशातून बाहेर आलो. मला ती जागा लक्षात होती, पाण्याचा रंग तिथं बदलतो. वारा आला. बोट झुकली, त्याच बाजूला, तशीच, आणि माझ्या हातातला दोर बैल ओढतो तसा ओढायला लागला. मी दोन्ही हातांनी धरला. पाय कडेला रोवले.

"सोडा, बाबा."

मी सोडला नाही. मला सोडायचा होता. हात ऐकत नव्हते. या हातांना दोर ओढता येतो, बांधता येतो, सोडणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पाणी कडेपर्यंत आलं, माझ्या मांडीला लागलं.

"मी आहे ना इथं. सोडा."

सोडला. शीड फडफडलं, जोरात, साऱ्या धरणाला ऐकू जाईल असं. मी डोळे मिटले. आणि बोट सरळ झाली. कापड फडफडत होतं आणि काहीही झालं नाही. फाटलं नाही, उखडलं नाही, कोणी बुडालं नाही. मी डोळे उघडले तर लेक सुकाणूवर बसून शांतपणे म्हणत होती की आता परत ओढा, थोडा थोडा. ओढला. पोट भरलं, बोट निघाली. पलीकडच्या काठापर्यंत मी तो दोर किती वेळा सोडला आणि ओढला ते मोजलं नाही. माझ्या धंद्याचं सगळं उलटं होतं ते, आणि ते चालत होतं.

वाटेत तिला एवढंच विचारलं की हे कुठं शिकली. तिकडंच, म्हणाली, नौदलवाल्यांच्या घरच्या लोकांना शिकवतात. किती वर्षं? बरीच झाली. सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का? मी विचार केला. नसतं.

परत काठाला लागलो तेव्हा मी बसलेलो होतो. मुखियांनी मला वरून खालून पाहिलं आणि म्हणाले, "बैठा तो है, पर सूखा नहीं है।" लोक हसले. मग ते लेकीकडं वळले. सांगितलं, जाळ्यांच्या बाजूला यायचं नाही, वारा जास्त असला की बोट काढायची नाही. आणि शेवटी, सगळ्यांसमोर: "बाई चलाएगी तो चलेगी। दामाद नहीं।"

माझ्या अंगात आग गेली. माझ्या दारच्या जवायाला, माझ्यासमोर, त्याच्या बायकोसमोर, परका माणूस असं म्हणतो. मी ओल्या कपड्यांनी पुढं झालो. पण जवायांनीच माझ्या दंडाला हात लावला, आणि हसत होते.

"बराबर म्हणून राह्यले ते, मामाजी. म्या जहाजात खाली इंजिनापाशी होतो. शीड मले हिनंच शिकवलं, अन् तेही अर्धंच."

मला बोटीतून पडल्यावर जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा तेव्हा बसला. गंजात मी इतकी वर्षं काय सांगत होतो? आणि हा माणूस ते असं सांगत होता, जसं कोणी सांगतं की मला गोड आवडत नाही. लाज नाही, काही नाही. माझा बाप असता तर त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. मी तेही करू शकलो नाही. मी म्हटलं, "मंग पहिले सांगायचं होतं ना." ते म्हणाले, तुम्ही विचारलं कधी?

तिची आई तोवर पोह्यांचं उरलेलं पातेलं घेऊन सोसायटीच्या माणसांना वाढायला लागली होती.

आता ते दोघं धरणापासच्या गावात दोन खोल्या घेऊन राहतात. सुटीच्या दिवशी लेक बोट काढते, जवाई काठावर लोकांना जाकिटं घालतात आणि चहा विकतात. गंजातले काही जण मला विचारतात की जवाई काय करतात, बोलण्यात गंमत असते त्यांच्या. मी सांगतो, जाकिटं घालतात. मग ते तिरपालाचा भाव विचारतात.

परवा जवाई दुकानात आले होते. मी दुसरं शीड शिवत होतो. ते वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "मामाजी, ही शिवण तिरपी चालली."

मी मशीन थांबवली. कोणी मला माझ्या दुकानात असं म्हटल्याचं मला आठवत नाही. चष्मा लावला, कापड उजेडात धरलं, नीट पाहिलं. तिरपी नव्हती. काठच तसा वळलेला पाहिजे होता.

मी म्हटलं, "जवाईबापू, तुम्हाले शिवणातलं काही समजत नाही."

बोलून झाल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. ते म्हणाले, "हौ," आणि स्टूल ओढून बसले.